गाडीचं अभ्यंग

आमच्या घरात गाडी पुरुष होती. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या तंजावरी घरांमध्ये तेलाच्या न्हाण्याचे वार वाटून दिलेले असतात: बायकांचा शुक्रवार, पुरुषांचा शनिवार. आमची गाडी शनिवारी न्हायची. मिरे घालून कोमट केलेलं तिळाचं तेल आप्पा आधी स्वतःच्या टाळूवर थापायचे, मग पोटाला, पोटऱ्यांना, आणि अर्धा तास अंगणात ऊन खात बसायचे. पितळी वाटीच्या तळाशी जे उरायचं ते गाडीचं. चार चाकं, प्रत्येक चाकाला पाच नट. आप्पा चाकामागून चाक उकिडवे बसत जायचे आणि एकेका नटाच्या कडेला, आट्यांवर, बोटाने तेल लावायचे. तान्ह्या बाळाच्या कानात घालतात तसं, अगदी बेताने. मग माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला हाक जायची. पान्याच्या दांड्याला दोन हात लांब पाइप चढवलेला असायचा. अण्णाने तो पाना नटावर बसवायचा, पाइपावर चढायचं आणि दोन उड्या मारायच्या. अण्णाचं काम तेवढंच. पाइप कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि आप्पा समाधानाने मान हलवायचे. खाली सांडलेलं तेल पुसायला मी. शुक्रवारी माझ्या वाटीत उरलेलं तेल मात्र परत बाटलीत ओतलं जायचं.

तेव्हा आम्ही अंबत्तूरला राहत होतो. औद्योगिक वसाहतीच्या अगदी काठावर भाड्याचं घर होतं आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या शेडमधून पत्रा कापल्याचा, प्रेस आपटल्याचा आवाज यायचा. आईने त्या आवाजांवर स्वयंपाक बसवला होता. पहिल्या भोंग्याला तांदूळ चुलीवर, प्रेस थांबला की जेवणाची सुट्टी झाली म्हणून सांबाराला फोडणी. अंबटभाजी, डांगर पच्चडी, गुरुवारी वांगीभात. आवाज बंद पडले की तिला चुकल्यासारखं व्हायचं. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच कण्णन मेस्त्रीची लॉरी दुरुस्तीची शेड होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं सगळं काम दिसायचं आणि माझं अर्धं लहानपण त्या खिडकीत चिंच कोळता कोळता गेलं. आप्पा एग्मोरच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीने लिलावात काढलेली, गोल पाठीची, म्हातारी पांढरी गाडी त्यांनी घेतली आणि तेव्हापासून गल्लीत ते ‘कार राव’ झाले. गाडी महिन्यातून दोनदा देवळापर्यंत जायची. बाकीचे दिवस ती अंगणात उभी राहून आमची इज्जत राखायची.

(माझं हे मराठी वाचून कोणी म्हणेल की ही बाई तंजावरी वाटत नाही. घरी आम्ही बोलायचो ते मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी चकित होतो आणि मग हसतो. हे पुस्तकी मराठी मी पुढे धंद्यात पुण्याच्या गिऱ्हाइकांशी दरावरून भांडून भांडून शिकले. हसणाऱ्याच्या भाषेत भांडलं की तो दर पाडायला धजत नाही, हा माझा अनुभव आहे.)

त्या वर्षी देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीखाली, दोन फॉर्म ठेवलेले होते. दोन्ही पॉलिटेक्निकचे, दोन्ही यांत्रिक शाखेचे. एक अण्णाचा. तो एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला काठावर सुटला होता. दुसरा माझा, आणि मला त्याच्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. दोन्हींवर वडिलांची सही हवी होती. आप्पा रोज पूजा करताना ते दोन्ही कागद बघायचे, फुलं वाहायचे आणि उठायचे. माझ्यासाठी त्यांनी टायपिंगचा वर्ग शोधून ठेवला होता. मी विषय काढला की म्हणायचे, "पाहू." आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही, हे मांजरीलाही ठाऊक होतं.

अशात अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, बघायला तंजावरची माणसं यायचं ठरलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. रविवारी सकाळच्या गाडीने एग्मोरला उतरणार. आप्पांनी पत्रात लिहून टाकलं होतं: "स्टेशनवर आमची कार येईल." त्या एका वाक्यासाठी त्यांनी पत्राचा कागद दोनदा बदलला होता.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, अभ्यंग उरकलं आणि मी फडकं घेऊन बसले. मागच्या डाव्या चाकापाशी मला काहीतरी खटकलं. दोन नटांपासून तांबूस रेघा निघून चाकाच्या कडेकडे गेल्या होत्या, रडलेल्या पोरीचं काजळ ओघळावं तशा. पुसल्या तरी त्यांचा डाग राहिला. नटाभोवतीचं लोखंड मात्र चांदीसारखं घासलेलं होतं. आधीच्या आठवड्यात देवळातून येताना त्या बाजूने टक्‌टक्‌ आवाज येत होता, तो मी ऐकला होता; आप्पांनी तो रस्त्याच्या माथी मारला होता. मी भिंतीवरून मेस्त्रीला हाक मारली. तो पान चघळत आला, उकिडवा बसला, बोटाने एक नट हलवून पाहिला आणि मला म्हणाला, "अम्मा, हे चाक नटांनी धरलेलं नाही. सवयीने बसलंय."

त्याने जॅक लावून चाक काढलं. नटांच्या बुडाशी जिथे चाक दाबून बसायला हवं तिथे चंदन, कुंकू आणि तेल यांचा वर्षानुवर्षांचा थर होता. दर आयुधपूजेला आप्पा प्रत्येक नट काढून त्याला चंदन लावत आणि ओलाच परत बसवत. नट चाकावर नव्हे, आमच्या भक्तीवर घट्ट झाले होते. मग मेस्त्रीने तारेच्या ब्रशने चाकामागच्या हबमधून बाहेर आलेले पाचही स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात त्या आट्यांच्या खुंट्या, घासले, खिशातून एक नवा कोरा नट काढला आणि माझ्या हातात दिला. "बोटांनी फिरव. पाना नको." पहिल्या स्टडवर नट आपल्या आपण मुळापर्यंत गेला. दुसऱ्यावर चौथ्या आट्याला अडला. तिसऱ्यावर गेला. चौथ्यावर अडला, पाचव्यावरही. मग त्याने एक नवा बोल्ट अडलेल्या स्टडला आडवा लावून उजेडात धरला. आट्यात आटा बसायला हवा होता. मधून उजेड दिसत होता. स्टड ताणून लांब झाले होते. मेस्त्रीने सांगितलं ते मी पुढे शेकडो लोकांना सांगितलं आणि प्रत्येक वेळी त्याचंच बोट मला दिसलं: स्टड रबरासारखा जरासा ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीनेच चाक धरलं जातं. आट्याला तेल लावलं की त्याच जोराने तो भलताच ताणला जातो. त्यावर वीस वर्षांचा मुलगा उड्या मारणार. एकदा तो मर्यादेबाहेर लांबला की परत येत नाही. मग कितीही आवळा, तो धरत नाही. आणि एक दिवस तुटतो.

पाचात तीन गेले म्हणजे पाचही बदलायचे. बाकीच्या तीन चाकांचे नट त्याने हलवून पाहिले; ते अजून धरून होते. मेस्त्रीला त्या दिवशी एका लॉरीचं इंजिन उतरवायचं होतं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत त्याला हात लावता येणार नाही. स्टड आणले तर कसं बसवायचं ते तो भिंतीवरून सांगेल.

मी आप्पांना सांगायला गेले तेव्हा ते कपाळाला गंध लावत होते. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाले, मेस्त्री आपलं दुकान चालवायला असं सांगतोच. मग म्हणाले, दर शनिवारी तेल पाजलेल्या चाकाला काय होणार? मी म्हटलं, तेलानेच झालंय. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी सत्यनारायणाच्या प्रसादाने पोट बिघडतं म्हणाले. टॅक्सी नेऊ या, असं आई हळूच म्हणाली. टॅक्सी हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी शिवीसारखा पडला. पत्रात कार लिहिली होती.

मला राग लवकर येतो. आजही येतो, माझ्याकडे नोकरीला आलेली माणसं पहिल्या आठवड्यातच ते ओळखतात. पण रागातही माझा सौदा सुटत नाही, हे मला स्वतःबद्दल त्या सकाळी प्रथम कळलं. मी आतून माझा फॉर्म आणला आणि त्यांच्या संध्येच्या पळी-पंचपात्राशेजारी ठेवला.

"आप्पा, संध्याकाळच्या दिव्याआधी पाचही स्टड मी बदलते. जमलं तर यावर सही करायची."

आप्पा हसले. अण्णा आतल्या खोलीतून हसला. "होय की," आप्पा म्हणाले, "करीन. तुज कुठे जमते ते!"

"आईसमोर म्हणा."

आई डांगराचं पीठ भाजत होती. आप्पांनी तिच्यासमोर म्हटलं. पीठ जरा जास्त भाजलं गेलं, एवढीच त्याची नोंद झाली.

बसने मी एग्मोरमागच्या जुन्या पार्टांच्या गल्लीत गेले. त्या गल्लीत मोडलेल्या गाड्यांचे अवयव छतापर्यंत रचलेले असतात आणि दुकानदार त्यांच्यामध्ये बसून येणाऱ्याची चप्पल बघून दर ठरवतो. माझी चप्पल बघून पहिल्याने मला काळे कुळकुळीत, तेल लावून चमकवलेले स्टड दाखवले. "फॅक्टरीचे आहेत, पापा," म्हणाला; तमिळमध्ये पापा म्हणजे लहान पोर. मी मेस्त्रीचा नवा नट पिशवीतून काढला आणि बोटांनी फिरवला. चौथ्या आट्याला अडला. दुसऱ्या स्टडवरही. दुकानदार म्हणाला, रंग सुकला की जाईल. मी म्हटलं, रंग सुकल्यावर येते, आणि निघाले. पाच पावलं गेल्यावर त्याने हाक मारली नाही, म्हणून मी सहावं टाकलं. सातव्याला त्याने मारली. आतून खाकी कागदात बांधलेले नवे आले. मी त्या दुकानात उभ्या उभ्या पाचही स्टड आणि पाचही नट एकेक फिरवून पाहिले, नटाचं निमुळतं तोंड नखाने तपासलं, आणि दुकानदार जांभया देत राहिला. पहिल्या खोट्या मालाचा दंड म्हणून मी दर पाडून घेतला. त्याने शेवटी विचारलं, कोणाची मुलगी? मी म्हटलं, कार रावची. त्याला काही फरक पडला नाही. गल्लीतली इज्जत गल्लीपुरतीच असते.

दुपारी मी अक्काचा जुना परकर खोचून बसले. पुढच्या चाकांना विटा लावल्या. कण्णन मेस्त्री लॉरीच्या इंजिनात डोकं घालून भिंतीपलीकडून सांगत होता आणि मी करत होते. ब्रेकचा ड्रम ओढून काढायला पाऊण तास गेला. जुना स्टड समोरून हातोड्याने ठोकून मागे पाडायचा. पहिला पडला तेव्हा आई बाहेर धावत आली, तिला वाटलं माझं बोट गेलं. नवा स्टड मागून घालायचा, पुढून त्यावर वॉशरची चळत चढवायची, जुना नट उलटा लावायचा आणि पान्याने हळूहळू ओढत स्टड जागेवर बसवायचा, त्याचं डोकं मागे हबला पूर्ण टेकेपर्यंत. "तेल?" मी सवयीने विचारलं. भिंतीपलीकडून मेस्त्रीने जी तमिळ शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. चाक बसण्याची जागा मी खरवडून स्वच्छ केली. वर्षानुवर्षांचं चंदन खपलीसारखं निघालं. मग चाक, मग नट, आधी सगळे बोटांनी. मग एक सोडून एक, समोरासमोर. मग जॅक उतरवून शेवटचं आवळणं, नुसत्या पान्याने, पाइप न लावता.

या वेळात अण्णाने खुर्ची टाकून, पाय लांब करून, दोनदा कॉफी घेतली. दुसऱ्यांदा त्याने विचारलं की पाइप का नाही लावत. मी समोरचा नट आवळत राहिले. दिवा लागायच्या आधी मी हात धुवायला गेले. रॉकेलने धुतले, चिंचेने धुतले, शिकेकाईने धुतले. नखांतली काळी रेघ गेली नाही. शेवटी मेस्त्रीने भिंतीवरून डोकं काढून एकच गोष्ट बजावली. गाडी उद्या एकदा फिरून आली की सगळे नट पुन्हा आवळायचे. नवे स्टड पहिल्या फेरीत बसतात आणि नट सैल पडतात. विसरलं तर सगळं केलेलं वाया.

आप्पांनी गाडीला फेरी मारली, चाकावर हात फिरवला, आणि सही उद्या, पाहुणे गेल्यावर, शांतपणे करू म्हणाले. मी दिवसभर उन्हात बसले होते आणि दमले होते. म्हणून मी ‘बरं’ म्हटलं. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिली गोष्ट शिकवते ती ही: माल दिला त्याच ठिकाणी सही घ्यायची.

रविवारी अण्णा पांढरा शर्ट घालून पाहुण्यांना आणायला गेला. परत येईपर्यंत घरात शिऱ्यासारखी केसरी आणि बज्जी तयार होती. अक्का रेशमी साडीत घामाघूम झाली होती. पाहुणे आत आले तेच हसत. मुलाचे वडील, उंच, कानांवर केस असलेले गृहस्थ, आप्पांचा हात धरून म्हणाले, "राव, तुमचा मुलगा हिऱ्यासारखा आहे. काल एकट्याने चाकाचे स्टड बदलले म्हणे. आट्यांविषयी काय काय सांगत होता वाटेत!"

मी बज्जीचं ताट घेऊन दारात उभी होते. अण्णाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला केसरीतल्या काजूंमध्ये अचानक फार रस वाटू लागला होता. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाले, "त्यास लहानपणापासून यंत्राची आवड."

मुलाची आत्या माझ्या हातातली बज्जी घेता घेता थबकली. मुलीच्या नखांना हे काय झालं, तिने विचारलं. आई चटकन म्हणाली, डोशाचा तवा घासते ना, त्याची काजळी. मला पदराखाली हात घे अशी खूण केली. मी ताट ठेवलं आणि हात पदराखाली घेतले. अक्काचं लग्न अडलेलं होतं; नाहीतर त्या दिवशी केसरीचं पातेलं कोणाच्या डोक्यावर गेलं असतं ते मी सांगू शकत नाही.

पाहुणे टॅक्सीने गेले. त्यांना कुठे दुसरीकडे जेवायला जायचं होतं, आणि टॅक्सी कोणालाच शिवी वाटली नाही. संबंध पसंत होता. आप्पांनी चष्मा लावला, फळीवरून फॉर्म काढला, आणि अण्णाच्या फॉर्मवर सही केली. मी माझा पुढे केला. ते म्हणाले, आता व्याह्यांसमोर मुलाचं नाव झालं आहे. मुलगी चाकं फिरवते हे त्यांच्या कानावर गेलं तर अक्काचं काय होईल याचा विचार कर.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"घरातले काम घरातल्याने केले," आप्पा म्हणाले, "कोणी केले ते मोजायचे नसते, बाळ."

मी अंगणात आले. गाडी एग्मोरला जाऊन आली होती. नट पुन्हा आवळायची वेळ झाली होती आणि ते घरात फक्त मला माहीत होतं. आप्पा संध्याकाळी आईला आणि अक्काला घेऊन देवळात नवस फेडायला निघणार होते, अण्णा चालवणार होता. मी पायरीवर बसले. इथे मी स्वतःला देवी करून दाखवणार नाही. मला वाटलं की राहू दे. हिऱ्यासारख्या मुलाने आवळावेत. हे मला बराच वेळ वाटत राहिलं, आतून आई वाती वळत अक्काला काहीतरी सांगत होती तिचा आवाज येईपर्यंत. मग मी उठून पाना घेतला आणि समोरासमोर, एक सोडून एक, पाचही आवळले. प्रत्येक नट पाव फेरा फिरला. पाव फेरा सैल झाला होता. मी पाना पुसून जागेवर ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही.

पुढचं थोडक्यात. अण्णाने डिप्लोमा घेतला आणि बँकेत चिकटला. आयुष्यात त्याने फिरवलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे बँकेच्या तिजोरीची किल्ली. मी टायपिंग शिकले आणि त्या टायपिंगवर वसाहतीतल्या एका बोल्टच्या कारखान्यात शिरले. मालकाला बिलं टंकून द्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आटे तपासायचे. आता ओरगडमला माझ्या शेडमध्ये चाकांचे स्टड बनतात. लॉऱ्यांचे, बसचे, मोटारींचे. खरेदीला येणारे तरुण साहेब आधी विचारतात, सर कुठे आहेत? मी त्यांना बसवते आणि त्यांनाच दर चार आणे जास्त लावते.

गेल्या वर्षी अण्णाची सत्तरीची शांत झाली. मोठा हॉल, नादस्वरम, केळीच्या पानावर पोळी आणि तूप. त्याच्या जावयाने माइक घेतला आणि सासऱ्यांची गोष्ट सांगितली: कसे त्यांनी तरुणपणी, बहिणीच्या लग्नासाठी, एकट्याने, भर उन्हात, गाडीचे पाच स्टड बदलले. आता त्या गोष्टीत ऊनही माझंच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पहिल्या रांगेत होती. तिनेही वाजवल्या, आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

मी जेवायच्या पंगतीत मुद्दाम अण्णाशेजारचं पान धरलं. माझ्या पर्समध्ये त्या चाकाचा एक जुना ताणलेला स्टड होता; इतकी वर्षं तो माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला होता, त्या दिवशी सोबत घेतला होता. मी तो आणि माझ्या कारखान्याचा एक नवा नट अण्णाच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, "भेट आणली आहे. फिरवून दाखव."

अण्णाने दोन्हीकडून उलटसुलट पाहिलं. त्याला ओळख पटली नाही. नट लावला, बोटांनी फिरवला. चौथ्या आट्याला तो अडला. त्याने जोर लावला, दात आवळले, हारातलं एक फूल गळून ताकात पडलं. नट हलला नाही. मी वाट पाहत होते. जर त्या क्षणी त्याला आठवलं असतं, किंवा नुसता संशय जरी आला असता, तर मी बहुधा सगळं सोडून दिलं असतं.

अण्णाने मान वर केली आणि वाढणाऱ्या सुनेला म्हटलं, "जरा तिळाचे तेल आण ग. सुकले आहे हे."

मी त्याच्या हातातून स्टड काढून घेतला, पर्समध्ये ठेवला, आणि सुनेला म्हटलं, तेल राहू दे, माझ्या पोळीवर तूप वाढ.